लिंबाखालची चाकं

गंगव्वानं जुन्या लुगड्याच्या पट्टीचं एक टोक दातात धरलं, दुसरं नवऱ्याच्या कमरेखालून ओढून घेतलं आणि पीळ दिला. भीमण्णा छपरात उताणा पडला होता, गुडघे वर घेऊन. जांघेतली गाठ त्यानं बोटांनी दाबून आत सारली होती आणि तिच्यावर चिंध्यांची गादी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"आवळ अजून."

"काचंल की."

"काचू दे. आवळ तू."

तिनं गुडघा त्याच्या मांडीला टेकवून पट्टी ओढली. आधीच्या दिवशी काचलेल्या जागी कातडं सोलवटलं होतं. तिथं लावलेलं करडीचं तेल पट्टीला लागून काळं पडलं होतं. तिनं गाठ मारली, वरून धोतर सारखं केलं. भीमण्णा कुशीवर वळला, हाताचा रेटा देऊन उठला आणि उभा राहून एकदा मुद्दाम खोकला. गादी जागची हलली नाही. मग तो बाहेर गेला, आत काही झालंच नाही असा.

शिमग्यापासून हे रोजचं झालं होतं. आतडं उतरतंय, जड उचलू नको, असं संतपूरच्या वैदूनं सांगितलं तेव्हा भीमण्णा नुसता हसला होता. जड उचलणं सोडून त्याला दुसरं येत काय होतं?

तो जातीचा धनगर. बापापासूनची मेंढरं होती, मांजरेच्या काठाकाठानं चारत फिरायचा. रझाकारीच्या धामधुमीत कळप गेला. कुणी हाकून नेला, कुठं कापला, काही पत्ता लागला नाही. पुढं पोलीस ॲक्शन झाली, मिलिटरीच्या लॉऱ्या बीदरला येऊन उभ्या राहिल्या आणि तळावर गडी पाहिजेत म्हणून भीमण्णा गेला. तिथं त्याला चाकांवर लावलं. अंगानं थोराड. दोघा शिपायांनी मिळून धरायचं चाक तो एकटा छातीशी घ्यायचा आणि एका दमात बोल्टांवर नेऊन बसवायचा. शिपाई हातातलं काम टाकून बघायला यायचे. तळ उठला तेव्हा एक पहार, एक मोठा पाना आणि एक हातपंप एवढं घेऊन तो औरादला परत आला आणि बाजाराच्या तोंडाशी, शिवशंकरप्पांच्या जागेतल्या लिंबाखाली छप्पर टाकून बसला.

शिवशंकरप्पा चिंचेचे आणि तुरीचे व्यापारी. त्यांच्या लॉरीची चाकं भीमण्णानं बघायची आणि त्या बदल्यात लिंबाखाली राहायचं, एवढंच ठरलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं काम मिळेल ते त्याचं. पण बाजारच्या दिवशी माणसं त्याच्याकडं काम घेऊन येत त्यापेक्षा त्याची उचल बघायला जास्त येत. "भीमण्णा, उचल की रं एकदा," असं कुणी म्हटलं की तो उचलायचा. पोरंटोरं ओरडायची. गंगव्वाला तेव्हा बरं वाटायचं, हे ती नंतर कितीदा तरी आठवणार होती.

वैशाखात शिवशंकरप्पांनी दुसरी गाडी आणली. लढाईच्या काळातली, हैद्राबादच्या लिलावात घेतलेली. रंग उडून पत्र्याला हिरवट-काळी कळा आलेली. लतीफ ड्रायव्हरनं ती लिंबाखाली आणून थांबवली आणि खाली उतरून दोन्ही हात झटकले. मनगटं सुजली होती.

"क्या गाडी है भीमण्णा! जरा पळवली की पुढचं तोंड असं थरथरायलंय, स्टेरिंग हातात ऱ्हात नै. दोनदा खड्ड्यात जाता जाता वाचलो."

मागून शिवशंकरप्पा आले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खांद्यावरच्या उपरण्यानं मान पुसत ते सावलीला उभे राहिले.

"भीमण्णा, इंजन चांगलं हाय. चाकं वाईट हैत. सगळी उतरव, नवे टायर आणलेत ते चढव, अन् पुढच्या दोन्ही चाकांचा तोल काढून दे. चिंच पावसाच्या आत हैद्राबादला गेली पायजे."

"देतो की अप्पा."

"अजून एक सांगतो. ही गाडी लांब फिरणार. रस्त्यात हवा जाऊन चाक बसलं तर संगट मानूस पायजे. गाडी नीट केलास तर तूच चल. पगारी ठेवतो तुला."

मुंडाशाचं टोक सोडून भीमण्णानं तोंड पुसलं. शिवशंकरप्पा गेल्यावर तो छपरात आला. त्याची आई अनसाबाई, डोळ्यांनी अधू झालेली, दारात बसून चातीवर लोकर कातत होती; मेंढरं दुसऱ्याची, लोकर दुसऱ्याची, पण हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती.

"आई, मी पगारी व्हनार."

"कुनाची मेंढरं?" म्हातारीनं विचारलं.

भीमण्णा मोठ्यानं हसला आणि हसता हसता एकदम जांघेवर हात दाबून खाली बसला.

"तुमी संगट फिरनार म्हंजे," गंगव्वा म्हणाली, "तिथं पट्टी कोन आवळंल?"

"बघू तवा. आधी गाडी तर हुभी करू."

शिमग्यापासून अवघड काम गंगव्वाच करत होती. काष्टा मारून ती पहारीवर अंग टाकायची, भीमण्णा पुढं हात लावल्यासारखं करायचा. छपराच्या आडोशाला ते झाकून जायचं. पण या गाडीचं काम उघड्यावर होतं. मागच्या जोडचाकांचे नट गंजून धरले होते. पान्याच्या दांड्यात पोकळ नळी घालून गंगव्वा तिच्यावर दोन्ही पायांनी चढायची, तेव्हा कुठं नट करकरत सुटायचा. जुने टायर रिमला असे चिकटले होते की घासलेट सोडून, हातोडा मारून, त्यांच्यावर उभं राहून नाचावं लागलं. उन्हानं लोखंड तापलं होतं. पहार धरताना ती तळहाताला लिंबाचा पाला लावून घ्यायची.

समोर बंडेप्पाचं हॉटेल. चहा प्यायला बसलेली माणसं बाकडी वळवून बसली.

"भीमण्णा," बंडेप्पा ओरडला, "बायकूला मिस्त्री केलास व्हय रं? अन् तू काय भाकरी थापनार?"

माणसं हसली. भीमण्णाही हसला.

"शिकवायलोय तिला. उद्या मी पगारी गेलो की हितं कोन बघंल?"

"लुगड्यातला मिस्त्री!" आणखी कुणीतरी म्हणालं. गंगव्वानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पहार पुन्हा टायरात घातली.

टायर चढवून आत ट्यूब घातली की रिमला कडेनं लोखंडी रिंग बसवायची असते. ती नीट बसली नाही आणि हवा भरली, तर रिंग गोळीसारखी उडते. बीदरच्या तळावर एका शिपायाचा जबडा तसा गेलेला भीमण्णानं बघितला होता. म्हणून तो चाकाला साखळी गुंडाळायचा, गंगव्वाला बाजूला उभं करायचा आणि हातोड्यानं रिंग ठोकत आवाज ऐकायचा. ते काम मात्र त्याचंच. हवा भरायचं काम तिचं. पंपाचा दांडा वर-खाली करताना तिच्या पाठीतून घामाची धार लुगड्यात उतरायची आणि खांदे पेटायचे. एक चाक भरून होईतो ऊन झाडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचं.

मागच्या जोडीतलं आतलं चाक चढवताना राहवेना म्हणून भीमण्णानं उचलायला हात लावला आणि तसाच गाडीखाली सरकला. जणू आस बघायला गेला असा तो उताणा पडला. पण लतीफ पाना घ्यायला वाकला होता. धोतर सरकलं होतं, गादी बाजूला गेली होती, आणि दोन्ही हातांनी भीमण्णा ती गाठ आत लोटत होता. डोळे मिटलेले, ओठ दातात.

लतीफ तिथंच उकिडवा बसला.

"कब से?"

"किसीको बोलू नक्को लतीफभाय."

लतीफनं गंगव्वाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

"मेरी सगी बहनके मरद कू ऐसाच था," तो हळू आवाजात म्हणाला. पुढं त्या माणसाचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. त्यानंतर लतीफनं आपण होऊन जॅक खाली घेतला, इतका की चाक जमिनीवरून नुसतं लोटत नेलं तरी बोल्टांना भिडावं. स्वतःचा खांदाही दिला. तिघांनी मिळून मागची सगळी चाकं चढवली. हॉटेलातली माणसं म्हणाली, लतीफ मोठा मायाळू झालाय.

दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांचा तोल काढायचा होता. हे काम ताकदीचं नव्हतं आणि भीमण्णाला त्यात खरी गोडी होती. पुढचा आस दगडांवर उंच टेकवला, चाक घातलं आणि हातानं फिरवून सोडून दिलं. चाक गरगर फिरलं, मंद झालं, एकदा मागं झुललं आणि थांबलं. भीमण्णानं सगळ्यात खालच्या जागी चुन्याची खूण केली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच खूण खाली आली.

"बघ. ही बाजू जड हाय. ही जड बाजूच गाडीला हाणत ऱ्हाते."

"मग हलकी कशी करायची?"

"हलकी व्हत न्हाई ती. समोरच्या बाजूला वजन द्यायचं."

मांजरेवरच्या भोयाकडून त्यानं जाळ्याला लावायचं शिसं आणलं होतं. ते दगडावर ठेचून, वाकवून तो रिमच्या कडेला बसवायचा, तारेनं आवळायचा, चाक फिरवायचा. जास्त झालं की खूण वर जायची, कमी पडलं की खाली यायची. मग शिशाचा कपटा काढायचा, पुन्हा फिरवायचं. गंगव्वा रिमच्या कडेजवळ काडी धरून बसली होती. चाक वाकडं फिरलं की काडीला खरडायचं. फिरणाऱ्या चाकाचा वारा तिच्या तोंडावर येत होता. एकदा चाक फिरून थांबलं आणि खूण आडवीच राहिली. भीमण्णानं हातानं खूण वर नेऊन सोडली, ती वरच राहिली. खाली नेऊन सोडली, खालीच.

"बसला तोल," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की गंगव्वाला तळावरून औरादला परत आलेला तो भीमण्णा दिसला.

दुसऱ्या बाजूचंही चाक तसंच लावून, तोलून झालं. पण त्याच्या मधल्या तुंब्यातलं, हबातलं, जुनं ग्रीस वाळून खड्यांसारखं झालं होतं. ते धुऊन नवं भरायला म्हणून चाक पुन्हा उतरवावं लागलं. लतीफ चिंचेच्या पोत्यांचं बघायला आडतीवर गेला होता. आस अजून दगडांवर उंचच होता. ग्रीस भरून झालं, आणि भीमण्णा जॅक लावून दगड काढायला वाकणार, तोच शिवशंकरप्पा आले. सोबत उदगीरचे दोन व्यापारी होते. मागून हात पुसत बंडेप्पा आला, आणि त्याच्या मागून हॉटेलातली सगळी माणसं.

शिवशंकरप्पांनी चाकं बघितली, हातानं फिरवून बघितलं, मान हलवली. मग उभ्या गंगव्वाकडं बघितलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"भीमण्णा, लोक काय बी सांगायलेत मला."

"काय अप्पा?"

"म्हनतेत, भीमण्णा सरला. बायकूच उचलती, तो नुसता बघत बसतो." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "तुझ्याबद्दल मला काय न्हाई. पन मला गडी पायजे. माळावर चाक बसलं, पाऊस पडायलाय, जॅक चिखलात रुतला, तर तिथं बायकूला बोलवनार का?"

"ती आपली हाताखाली मदत करती अप्पा."

"मग लाव हे चाक. पयल्यावानी. एकट्यानं." ते व्यापाऱ्यांकडं वळले. "ह्यो बीदरच्या तळावर एकटा चाक उचलायचा. बघा तुमी."

भीमण्णानं चाकाकडं बघितलं, मग आसाकडं. दगडांवर आस गुडघ्याच्याही वर होता. चाक मांडीइतकं उचलून, अंगाशी धरून, बोल्ट भोकात येईपर्यंत तोलून ठेवायला लागणार होतं.

"दगड काढून जॅक खाली घेतो अप्पा, मग—"

"खाली घेऊन काय, मी बी चढवीन!" बंडेप्पा म्हणाला आणि माणसं हसली.

गंगव्वा एक पाऊल पुढं आली. तिचं तोंड उघडलं होतं. आतडं उतरतंय त्यांचं, एवढे तीनच शब्द. पण ते बोललं की पगार गेला, लिंबाखालची जागा गेली, आणि एवढ्या बाजारात नवऱ्याची जांघ उघडी केल्यासारखं झालं असतं. भीमण्णानं तिच्याकडं वळून बघितलं. रागानं नाही, त्या नजरेत विनवणी होती. तिनं तोंड मिटलं. पदराचा बोळा करून दातात धरला.

भीमण्णानं मुंडासं काढून लिंबाच्या खोडाशी ठेवलं. चाक हळूच फिरवत आसासमोर आणलं, दोन्ही पाय रुंद टाकले, वाकला, चाकाखाली हात घातले. मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. चाक जमिनीवरून सुटलं. गुडघ्यापर्यंत आलं, मांडीवर टेकलं, थरथरलं. एक बोल्ट भोकात गेला, बाकीचे चुकले. त्यानं चाक पोटाशी दाबून जरासं फिरवलं. त्याच्या घशातून एक आवाज आला, माणसाचा वाटणार नाही असा, पण लोकांच्या ओरडण्यात तो बुडाला. खट् करून चाक बसलं.

"बसिवलास!" शिवशंकरप्पा म्हणाले. "कोन म्हनलं रं सरला म्हनून?"

भीमण्णा चाकाला धरून उभा होता. त्यानं एका हातानं नट चढवले, बोटांनी फिरवले. तोंडावर घामाचे थेंब नव्हते, सगळं तोंडच पाण्यातून काढल्यासारखं झालं होतं.

"उद्या सकाळी गाडी निघनार. तयार ऱ्हा."

"व्हय अप्पा," तो म्हणाला.

माणसं पांगली. गंगव्वानं पाना घेतला आणि नट आवळले. मग दोघं छपरात गेली, तो पुढं, ती मागं, आणि दाराच्या आत पाऊल पडताच तो भिंतीला धरून खाली घसरला.

या वेळी गाठ आत जाईना. नारळाएवढी झाली होती आणि लाकडासारखी टणक. गंगव्वानं बोट लावलं तर तो पाय झाडायला लागला. तिनं त्याचे पाय दगडावर उंच ठेवले, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला, पण काही उपयोग झाला नाही. उन्हं कलली तसा तो ओकायला लागला.

"पोट धरलंय त्येचं," अनसाबाई दारातून म्हणाली. "ओवा दे."

"मी अप्पास्नी सांगून येते," गंगव्वा उठली.

भीमण्णानं तिचं मनगट धरलं. त्या धरण्यात अजून जोर होता.

"नको. काय बी सांगू नको."

"तुमी मरायलाव की हितं!"

"आज सांगितलंस तर सगळं गेलं. उद्या गाडीत बसतो. बीदर वाटंवरच हाय. तिथं सरकारी दवाखान्यात दावतो. पगारी मानूस म्हनून जातो, गंगू. आजचा एक दिस जाऊ दे."

त्याचं म्हणणं तिला पटलं असं नाही. पण गाडी जाणारच होती आणि तीही बीदरच्याच वाटेनं. तिनं दाराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा त्याच्याजवळ बसली. पहाटेपर्यंत त्याच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. ओरडणं बाहेर पडू नये म्हणून तो स्वतःचा हात चावत होता.

सकाळी चिंचेच्या पोत्यांनी भरलेली गाडी येऊन थांबली. लतीफनं भोंगा वाजवला. भीमण्णा बाहेर आला नाही, गंगव्वा आली. तिचं तोंड बघूनच लतीफ खाली उतरला आणि आत गेला. त्यानं भीमण्णाला पाठीशी-गुडघ्याशी हात घालून उचललं आणि गाडीत पुढं आणून बसवलं. शिवशंकरप्पा मागच्या पोत्यांचे दोर बघत होते. ते पुढं आले.

"काय झालं ह्येला?"

"पोट धरलंय," गंगव्वा म्हणाली.

"पैल्याच दिशी?" त्यांनी भीमण्णाच्या पिवळ्या पडलेल्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं, बीदरला दाव. दुसऱ्या खेपेला ये. लतीफ, दवाखान्यात सोड अन् पुढं निघ. माल थांबला नाय पायजे."

रस्ता मुरमाचा, खड्ड्यांचा. गंगव्वानं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खड्डा आला की लतीफ गाडी बैलगाडीइतकी हळू करायचा, सपाट आलं की पळवायचा. संतपूर मागं पडलं. भीमण्णाचं अंग गार पडत चाललं होतं, आणि पोट फुगून ढोलकीसारखं झालं होतं. एकदा त्यानं डोळे उघडले.

"लतीफभाय. थरथरतंय का?"

"नै भीमण्णा. बिलकुल नै." लतीफनं स्टेरिंगवरचा एक हात काढून दाखवला. "देख."

भीमण्णानं ते बघितलं की नाही, गंगव्वाला कळलं नाही. त्यानं डोळे मिटले होते.

माती तांबडी झाली, बीदर आलं. दवाखान्यात लतीफनं त्याला आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन तो गंगव्वासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "भाबी, मालक का माल है. जाना पडता." तिनं मान हलवली. गाडी निघून गेल्याचा आवाज तिला बराच वेळ ऐकू येत राहिला.

डॉक्टर हैद्राबादकडचे, तरुण. त्यांनी पोट दाबलं, गाठ बघितली, दिव्याखाली डोळ्याची पापणी ओढून बघितली.

"कल क्यों नहीं लाए?"

तिला उर्दू कळत होती. उत्तर देता येत नव्हतं.

"कल क्या कर रहे थे तुम लोग?"

"काल त्यास्नी नोकरी लागली," गंगव्वा म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नसावं. ते घाईनं आत गेले. दार लागलं. चिरून बघितल्यावर आतलं आतडं काळं पडलेलं निघालं, असं नंतर नर्सबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भीमण्णा गेला. शुद्धीवर आलाच नाही.

प्रेत औरादला न्यायला वाहन नव्हतं. बीदरजवळच्या मैलूरला गंगव्वाच्या मावळणीचं घर होतं. तिथली चार माणसं आली, बैलगाडी आणली, आणि मैलूरच्याच माळाला त्याला माती दिली. तांबडा खडक कुदळीला दाद देत नव्हता. खड्डा खोल होईना. शेवटी वरून दगड रचले, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

ती बसनं परत आली तेव्हा अनसाबाई दारातच होती. चाती बाजूला पडलेली. कुणीतरी तिला सांगितलं होतं. म्हातारीनं सुनेचा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "तू तरी सांगायचीस की गं कुनाला तरी." तेवढंच. मग ती रडायला लागली. गंगव्वा शेजारी बसून राहिली. तिला रडू आलं नाही. सांगायचीस की गं. ते तिच्या आत कुठंतरी अडकून बसलं. भाकरी थापताना ते आठवायचं आणि पाणी शेंदताना हातातला दोर थांबायचा.

शिवशंकरप्पा दुखवट्याला येऊन गेले. ज्वारीचं एक पोतं पाठवलं. वाईट वाटलं त्यांना, ते खोटं नव्हतं. निघताना उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "गंगव्वा, गाडी तर चालवायलाच पायजे. कलबुर्ग्याचा मिस्त्री येनार हाय. त्येला जागा लागंल."

"मी करते की चाकांचं काम," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "सगळं येतंय मला. तोल बी काढता येतोय."

शिवशंकरप्पांनी पायात वहाणा सरकवल्या. "आगं, बाईमानसाकडं कोन गाडी घिऊन येईल?" ते म्हणाले. "लोक काय म्हनतील मला?"

पावसाच्या आधीच कलबुर्ग्याचा मिस्त्री आला. हडकुळा माणूस, डोळ्याला चष्मा. सोबत त्याचा मेहुणा. भीमण्णाची पहार, पाना आणि पंप त्यानंच ठेवून घेतला. गंगव्वानं छपरातलं सामान बांधलं. संतपूरच्या बाजूला सडकेवर खडी फोडायचं काम चालू होतं, तिथं बायकांना घेत होते. म्हातारीला एका हाताला धरून, डोक्यावर बोचकं घेऊन ती बाहेर पडली.

लिंबाखाली तीच गाडी उभी होती. पुढचं एक चाक पंक्चर काढायला उतरवलेलं, ते पुन्हा लावायचं चाललं होतं. लतीफ बाजूला उभा होता. त्यानं गंगव्वाला बघितलं आणि नजर वळवली. शिवशंकरप्पा सावलीत उभे होते. समोर हॉटेलात बंडेप्पा कपबश्या विसळत होता, बाकड्यावर नेहमीची माणसं होती.

मिस्त्रीनं चाकाची एक बाजू धरली. मग थांबला, चष्मा वर सारला आणि मेहुण्याला हाक मारली. मेहुणा आला, त्यानं दुसरी बाजू धरली.

कुणी हसलं नाही. बंडेप्पा कपबश्या विसळतच राहिला.

"हां, दोघं मिळून धरा," शिवशंकरप्पा म्हणाले. "सावकाश. एकट्यानं उचलायचं काम हाय का ते? मानसाची कंबर जाईल."

दोघांनी चाक उचललं. जॅक खाली घेतलेला होता. चाक अलगद बोल्टांवर बसलं.

गंगव्वा बघत उभी होती. अनसाबाईनं तिचा हात ओढला.

"का थांबलीस? काय झालं?"

"काय न्हाई आत्या," ती म्हणाली. "चाक लावायलेत."

आणि सडकेच्या बाजूला चालायला लागली.